गुलाल, खोबरं आणि पुष्पक

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांवर गुलाल-खोबरं उधळतात, तेव्हा खोबऱ्याचा तुकडा वर जाऊन सरळ खाली येतो. गुलाल मात्र रेंगाळतो, वाऱ्याबरोबर सरकतो आणि सावकाश अंगाखांद्यावर बसतो. विमानं आणि अवकाशयानांचे प्रकार शिकवायला सुरुवात इथून करावी, तक्त्यावरून नव्हे. तक्त्यावर फुगा, ग्लायडर, हेलिकॉप्टर, जेट, रॉकेट, उपग्रह अशी चित्रं ओळीनं असतात. मुलं नावं पाठ करतात, पण हे प्रकार पडले कशावरून, हा प्रश्न तसाच राहतो. खरं तर दोनच प्रश्न पुरतात: हे वर राहतं कशाच्या आधारानं, आणि याला ढकलतं कोण?

फुग्याला आधार हवेचाच, कारण त्यातली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीच्या कड्यावर घार पंख न हलवता तरंगते, ती डोंगराला अडून वर चढणाऱ्या वाऱ्यावर; ग्लायडरचं तंत्रही हेच. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या एटीआर विमानाचे पंखे पाहून मुलं त्याला ‘जुनं विमान’ म्हणतात, पण ते पंखे फिरवणारं इंजिन जेटच्याच कुळातलं, टर्बाइनचं असतं. त्याचे पंख हवा खाली ढकलतात, म्हणून ते वर राहतं. (पंखाच्या वरची आणि खालची हवा एकाच वेळी टोकाला पोचायला हवी, म्हणून वरची जोरात धावते, हे स्पष्टीकरण वर्गात फार चालतं, पण ते चूक आहे.) हेलिकॉप्टर तेच काम पाती गरागरा फिरवून करतं, म्हणून त्याला धावपट्टी लागत नाही. २०१९ च्या महापुरात महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा या फरकाचं मोल कोल्हापूरकरांना वेगळं सांगावं लागलं नाही.

हवा संपली की पहिल्या प्रश्नाचं उत्तरच बदलतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकाला आधार कशाचाच नाही. तिथं गुरुत्वाकर्षण नसतं असं मुलं छातीठोकपणे सांगतात, पण ते जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश असतं. स्थानक सतत पडतच असतं. फक्त ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं पुढे जात असल्यामुळे पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळत जाते आणि पडणं संपत नाही. चंद्रावर तर हवाच नाही; तिथं गुलाल आणि खोबरं एकदमच खाली येतील. म्हणूनच २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या चंद्रयान-३ च्या ‘विक्रम’ला पॅराशूट नव्हतं, त्याला इंजिनं पेटवून वेग कमी करावा लागला. मंगळावर मात्र हवा आहे, पृथ्वीच्या साधारण एक टक्का. तिथं ‘इंजेन्युइटी’ हे जेमतेम १.८ किलोचं हेलिकॉप्टर २०२१ मध्ये उडालं, पण पाती टोकापासून टोकापर्यंत सुमारे १.२ मीटर आणि इथल्या हेलिकॉप्टरपेक्षा कितीतरी जोरात फिरणारी.

लहान मुलांना आधी नावं हवीत, कारणं पुढे कळतील, असं कुणी म्हणेल. पण हीच मुलं एसटी, वडाप आणि ट्रॅक्टर यांत गल्लत करत नाहीत, कारण कोण काय करतं हे त्यांना ठाऊक असतं. परीक्षेत नावंच विचारतात, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. तरी नुसतं नाव पाठ असलेलं मूल एलव्हीएम-३ आणि चंद्रयान-३ एकाच खान्यात टाकतं. ढकलतं कोण, हे विचारणारं मूल पोचवणारं रॉकेट वेगळं काढतं आणि प्रवासाला गेलेलं यान वेगळं.

काही यानं कुठल्याच खान्यात बसत नाहीत, हेही खरं, पण तो दोष प्रश्नांचा नव्हे, खान्यांचा. २२ मार्च २०२४ ला कर्नाटकात चित्रदुर्गजवळ इस्रोच्या ‘पुष्पक’ची चाचणी झाली. अवकाशातून परतणाऱ्या यानाच्या उतरण्याचा तो सराव होता. चिनूक हेलिकॉप्टरनं त्याला साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं. तिथून ते इंजिनाविना, घारीसारखं पंखांवर तरंगत धावपट्टीकडे आलं आणि मोठ्या वेगानं टेकलं. मग मागे पॅराशूट उघडलं. ते वर धरायला नव्हे, अडवायला. गुलालाला रेंगाळत ठेवते त्याच हवेनं.