कंबरभर पाण्यातला हमीभाव

२०२४-२५च्या हंगामात सोयाबीन घेऊन हमीभाव केंद्रावर गेलेल्या महाराष्ट्रातल्या कित्येक शेतकऱ्यांना एकच उत्तर मिळालं, ‘बारदान संपलंय.’ माल चाळून झालेला, ओल मोजून झालेली, ट्रॅक्टर भाड्याचा, आणि खरेदी अडली ती रिकाम्या पोत्यापायी. २०१७ साली तुरीच्या वेळीही हेच झालं होतं. एरवी पोत्याकडे कोण बघतो? धान्य ओतून घेतलं की त्याचं पायपुसणं होतं, नाहीतर पावसात डोक्यावर घ्यायची खोळ. पण ते नसलं की सगळा बाजार थांबतो.

हे पोतं ज्याचं असतं त्या पिकाबद्दल आपल्या भाषेतच एक घोटाळा आहे. शाळेच्या भूगोलात आपण ‘ताग’ शिकलो, हुगळीकाठच्या गिरण्यांसह. पण आपला शेतकरी ताग म्हणतो तो वेगळा. पिवळ्या फुलांचा, हिरवळीच्या खतासाठी पेरून नांगराखाली गाडायचा. बंगालचा ताग त्याच्या नात्यातलासुद्धा नाही. तिकडे त्याला ‘पाट’ म्हणतात. त्याची कोवळी पानं भाजी करून खातात आणि त्याचा सरळसोट दांडा चार महिन्यांत माणसाच्या डोक्यावरून जातो. आपल्याकडे त्याच्या जवळचं काही असेल तर ती अंबाडी. तिची भाजी आपण खातो आणि तिच्या वाखाचे दोर वळतो. सरकारी आकडेवारीतही तागाच्या शेजारी अंबाडी असतेच.

तागाची पहिली गिरणी १८५५ साली कोलकात्याजवळ रिश्रा इथे निघाली. पुढे हुगळीच्या दोन्ही तीरांवर चिमण्या उभ्या राहिल्या. तिथले लोक गिरणीला ‘चटकल’ म्हणतात. १९४७ साली सीमारेषा पडली ती नेमकी गिरणी आणि शेत यांच्या मधून. गिरण्या भारतात राहिल्या, तागाची बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. मग मुर्शिदाबाद, नदिया, कूचबिहार, बिहारात पूर्णिया-कटिहार, आसामात नगाव अशी लागवड वाढवावी लागली. आज सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबं या पिकाशी बांधलेली आहेत.

त्यांच्यासाठी सरकारने दोन टेकू लावले. १९७१ साली ज्यूट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झालं. बाजार हमीभावाखाली घसरला की खरेदीला उतरायचं, हे त्याचं काम. दुसरा टेकू १९८७च्या कायद्याचा. ठरावीक माल तागाच्या पोत्यातच भरला पाहिजे, असं तो सांगतो. सुरुवातीला त्यात सिमेंट आणि खतही होतं, ते पुढे निसटलं. आता धान्य शंभर टक्के आणि साखर वीस टक्के, एवढं उरलं आहे. (साखरेची ही अट आपल्या साखर कारखान्यांना कधीच रुचलेली नाही.) प्लॅस्टिकचं पोतं स्वस्त पडतं, हलकं असतं, ओल धरत नाही. तेव्हा हा कायदा नसता तर चटकली केव्हाच बंद पडल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरकार वर्षाला सुमारे १२,००० कोटी रुपयांची पोती घेतं. गिरण्यांच्या उत्पादनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पोत्यांचा, आणि त्यातलीही बहुतेक पोती अन्न महामंडळाकडे आणि राज्यांच्या खरेदी यंत्रणांकडे जातात. अख्खा उद्योग एका गिऱ्हाइकावर उभा आहे.

पण शेतकऱ्याच्या हातात काय पडतं, ते ठरतं पाण्यात.

जुलै-ऑगस्टमध्ये पीक कापतात. पानं झडावीत म्हणून पेंढ्या दोन-चार दिवस शेतातच ठेवतात, मग डबक्यात, तळ्यात, रस्त्याकडेच्या खड्ड्यात एकीवर एक रचून बुडवतात. याला बंगालीत ‘जाग देणं’ म्हणतात. पेंढ्या वर येऊ नयेत म्हणून केळीचे खांब आणि चिखलाची ढेकळं ठेवतात. मग पाण्यातले जिवाणू साल आणि काडी यांच्यामधला डिंक खाऊ लागतात. दोन-तीन आठवडे हे चालतं. तेवढे दिवस शेतकरी रोज एखादी काडी उपसून साल सुटते का ते बघतो. दोन दिवस आधी काढलं तर वाखाला साल चिकटून राहते, दोन दिवस उशीर झाला तर वाखाचा जोर जातो. वेळ साधली की कंबरभर काळ्या पाण्यात उतरायचं. मूठभर काड्या धरून बुडख्याशी मोगरीने ठोकायचं, काडी मोडायची आणि पाण्यावर पुढे-मागे हिसके द्यायचे. पांढरी काडी सटकन निसटते आणि हातात ओला, चमकता वाख राहतो. वास असा की तो दिवसभर अंगाला येतो. पायाला जळवा लागतात, हातांची कातडी सोलवटते. ज्यांच्या आजी-आजोबांनी नदीत अंबाडी कुजत घातली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाणी स्वच्छ आणि संथ वाहतं असेल तर वाख सोनेरी येतो. डबक्यातल्या गढूळ पाण्यात, चिखलाखाली कुजवला तर काळपटतो. आणि चांगलं पाणी कमी होत चाललं आहे. तळी बुजली, काहींत मासे सोडले, तिथे ताग कोण बुडवू देणार? पाऊस लांबला तर पीक उभं वाळतं. मागून भाताची लावणी खोळंबलेली असते, म्हणून मिळेल त्या पाण्यात घाई करावी लागते.

ज्यूट कॉर्पोरेशनच्या खरेदी केंद्रावर वाखाची प्रत लागते, टीडी-१ ते टीडी-५. ताकद, रंग, तलमपणा, भारीपणा, बुडख्याची साल, डाग हे सगळं हाताने आणि नजरेने ठरतं. जाहीर होणारा हमीभाव मधल्या टीडी-३ प्रतीचा असतो. २०१४-१५ मध्ये तो क्विंटलला २,४०० रुपये होता, २०२५-२६ साठी ५,६५० झाला. वाढ खरी आहे. पण २०२३-२४ चा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. त्या वर्षी भाव पडले आणि ज्यूट कॉर्पोरेशनने ६.२४ लाख गासड्यांची विक्रमी खरेदी केली, ५२४ कोटी रुपयांची, सुमारे १.६५ लाख शेतकऱ्यांकडून. गासडी १८० किलोची. म्हणजे क्विंटलला सरासरी साधारण ४,६७० रुपये पडले. टीडी-३चा भाव तेव्हा ५,०५० होता. मधले पावणेचारशे रुपये वाखाच्या प्रतीत गेले, म्हणजे बव्हंशी पाण्यात गेले. एका शेतकऱ्याच्या वाट्याला आले जेमतेम सात क्विंटलचे बत्तीसएक हजार. शिवाय ही विक्रमी खरेदीसुद्धा देशाच्या पिकाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. बाकीचा माल दारात आलेल्या व्यापाऱ्याने नेला, कारण त्याच्याकडे रोकड असते आणि तो गाडीभाडं मागत नाही.

भाव चढतो तेव्हाची गोष्ट निराळी. २०२० च्या अंफान वादळाने पीक आडवं केलं, ताग महागला, आणि सप्टेंबर २०२१ अखेर ज्यूट आयुक्तांनी ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्या भावात माल मिळेना, काही गिरण्यांनी टाळं लावलं. मे २०२२ मध्ये मर्यादा उठली. पोत्याचा दर सरकार ठरवतं आणि पोतं सरकारच घेतं, तेव्हा कच्चा माल महागला की सगळ्यांचे डोळे शेतकऱ्याच्या भावाकडे वळतात. हे मला मनापासून खटकतं. महाग वर्ष त्याच्या वाट्याला क्वचितच येतं.

तागाचं आणि आपलं एक नातं मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. वाखासाठी कापलेल्या तागाला बी धरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे बंगालला लागणारं बरंचसं बियाणं महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या कोरड्या हवेत पिकतं. निळसर हिरवट, ग्रॅमभरात पाचएकशे बसतील इतकं बारीक. इथून ते रेल्वेने, ट्रकने पूर्वेला जातं आणि पोतं होऊन परत येतं. धान्याचं ५० किलोचं पोतं ५८० ग्रॅमचं. २०२५-२६च्या हमीभावाने त्यातल्या वाखाची किंमत साधारण तेहतीस रुपये.

वाखाची प्रत पाण्यातच सुधारावी म्हणून बंगालमधल्या बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेने (तिथे १९५३ पासून याच पिकाचं काम चालतं) जिवाणूंची एक भुकटी काढली आहे, ‘क्रायजाफ सोना’. पेंढ्या रचताना थरांमध्ये टाकायची. कुजवण सुमारे आठवडाभर आधी उरकते, रंग उजळतो, प्रत एखाद-दोन पायऱ्या वर जाते. २०१५ पासून ‘ज्यूट-आयकेअर’ योजनेत ती प्रमाणित बियाण्याबरोबर शेतकऱ्यांना दिली जाते. बारा हजार कोटींच्या पोत्यांपुढे या भुकटीचा खर्च नगण्य आहे. पण शेतकरी पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्या बरोबर उतरणारी सरकारची मदत ही आहे. ती प्रत्येक तळ्यापर्यंत, आणि पेंढ्या बुडवायच्या आधी, पोचायला हवी. पेंढ्या बुडाल्यावर आलेल्या पुडीचा त्या हंगामात काही उपयोग नसतो.