छतावरचे ऊन आणि आपला धंदा

धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी आणि ऊन उदंड. आजवर आपण हे ऊन सोसत आलो. आता त्याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. कौडगावच्या औद्योगिक वसाहतीत महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, भूम-वाशीच्या माळावर पवनचक्क्या फिरू लागल्या. परंतु या मोठ्या प्रकल्पांनी आपल्या शिलाई मशीनचे बिल कमी होत नाही. कारागिराच्या कामाची वीज त्याच्या स्वतःच्या छतावर आहे.

नगरपरिषदांनाही यात रस आहे. पथदिवे आणि पाणीउपसा हे त्यांच्या वीजखर्चाचे मोठे भाग. धाराशिव शहराला तर दूरच्या उजनी धरणातून पंपांनी पाणी आणावे लागते. हा खर्च शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पाच विषयांवर स्थानिक संस्थांच्या कामाला गुण दिले जातात. त्यातील ‘अग्नी’ म्हणजे ऊर्जेची बचत व सौरऊर्जेचा वापर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरविण्यात आली. घरगुती ग्राहकास १ किलोवॉटसाठी ३० हजार, २ किलोवॉटसाठी ६० हजार आणि ३ किलोवॉट वा अधिकसाठी ७८ हजार रुपये अनुदान तीत ठेवले आहे. छतावर बसलेल्या प्रत्येक संचामागे स्थानिक संस्थेलाही १ हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. म्हणून आपल्या मोहल्ल्यात माहितीचे शिबिर घ्या, अशी मागणी नगरसेवकाकडे हक्काने करावी.

१ किलोवॉटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. नेट मीटरमुळे जादा वीज महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. दिवसा चालणाऱ्या धंद्याला हे सोयीचे आहे.

मात्र एक मेख आहे. हे अनुदान घरगुती कनेक्शनलाच मिळते, दुकानाच्या व्यापारी कनेक्शनला नाही. घरातच शिलाई वा जरीकाम करणाऱ्यांनी येथे लक्ष द्यावे. घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असून वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दर लावण्याची सवलत वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत दिली गेली आहे. आपले कनेक्शन त्यात बसते का, याची महावितरणच्या कार्यालयात आधी खात्री करून घ्यावी. दुकानदारांनी अनुदान न धरता, केवळ वाचणाऱ्या बिलावर हिशेब करावा.

बँकेच्या कर्जाची सोय आहे. पण व्याज टाळणाऱ्यांनी स्वतःच्या पैशातून १ किलोवॉटने सुरुवात करावी. अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात जमा होते, त्यामुळे आधीची रक्कम हाताशी हवी. योजनेच्या पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्याकडूनच काम करून घ्यावे. पॅनल व इन्व्हर्टरची हमी लेखी घ्यावी, तोंडी शब्दावर राहू नये.

बिलाइतकीच महत्त्वाची गोष्ट रोजगाराची. पॅनलसाठी लोखंडी सांगाडा लागतो, वायरिंग लागते, धूळ पुसणारा माणूस लागतो. वेल्डिंग, फॅब्रिकेशन व वायरिंगचे हात आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ नावाचे प्रशिक्षणही देशात दिले गेले आहे. आपल्या मुलांनी आयटीआयमध्ये अशा प्रशिक्षणाची चौकशी करावी. नाही तर ऊन आपले, छत आपले आणि मजुरी बाहेरच्याची, असे व्हायचे.