नाणेघाटाची पायवाट

नाणेघाट हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेतील एक प्राचीन घाटमार्ग आहे. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे या गावाजवळ तो सुरू होतो आणि पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील घाटघर गावाजवळ पठारावर येतो. या वाटेवरून आजही वाहन जात नाही. कोकणातून वर चढणाऱ्यास जंगल, दगडगोट्यांचा उतार आणि शेवटी कातळातील अरुंद खिंड असा सहाशे मीटरांहून अधिक उंचीचा चढ पायीच चढावा लागतो. सातवाहन काळातील लेणे, त्यातील ब्राह्मी शिलालेख आणि खिंडीच्या माथ्यावरील दगडी रांजण यांमुळे हा घाट इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र लेण्याच्या ख्यातीपुढे मूळ वाटेकडे काहीसे दुर्लक्ष होते. वास्तविक लेणे वाटेसाठी कोरले गेले, वाट लेण्यासाठी झाली नाही.

‘घाट’ हा शब्द मराठीत नदीकाठच्या पायऱ्यांसाठी वापरतात, तसाच डोंगर ओलांडण्याच्या मार्गासाठीही वापरतात. इंग्रजांनी मार्गाचे हे नाव सबंध पर्वतालाच दिले आणि भूगोलाच्या पुस्तकांत सह्याद्री ‘पश्चिम घाट’ झाला. डोंगराच्या पायथ्याचा प्रदेश कोकण, माथ्यावरचा देश आणि या दोहोंना जोडणारा तो घाट, असा हा जुना व्यवहार आहे.

भूरचना

सह्याद्रीचा हा भाग दक्षिणेतील बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. हे सर्व थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. घट्ट, एकसंध थर उभा कडा होऊन राहतो. सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि त्याचा तिरका उतार होतो. कोकणातून पाहिले असता सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळेच. दोन कड्यांच्या मध्ये जी सपाटी राहते तिला पदर म्हणतात. बहुतेक घाटवाटांवर गर्द झाडी आढळते ती या पदरातच.

या कड्यांना जागोजाग उभ्या भेगा आहेत. भेगेत पावसाचे पाणी शिरते, खडक सुटतो आणि शतकानुशतके रुंदावत गेलेल्या त्या भेगेची नाळ बनते. माणसाला व जनावराला कडा चढता येत नाही, नाळ चढता येते. त्यामुळे सह्याद्रीत घाट कोठे असावा हे प्रथम खडकाने ठरवले, राजांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यानंतर. नाणेघाट ही अशीच एक नाळ आहे.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतही डोंगर आहेत आणि जंगल तर सह्याद्रीहून कितीतरी विस्तीर्ण आहे. परंतु गडचिरोलीतील टेकड्या मुख्यतः अतिप्राचीन पट्टिताश्म व ग्रॅनाइट खडकांच्या आहेत. चंद्रपुरात कोळसा असलेले गोंडवन थर व चुनखडी आढळते, बेसाल्ट आहे तो जिल्ह्याच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागात. तेथे कोकणासारखा एकसलग उभा कडा नाही. त्यामुळे तेथील जुन्या वाटा टेकड्यांना वळसा घालून किंवा सखल खिंडींतून जंगल ओलांडतात. नाळ चढून माथा गाठण्याचा प्रसंग तेथे क्वचितच येतो.

वाटेचे स्वरूप

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे असा माळशेज घाटाकडे जाणारा मार्ग आहे. वैशाखरे गावाच्या पुढे या मार्गाच्या उजव्या हाताला पायवाट फुटते. पहिला टप्पा सौम्य आहे. ओढे ओलांडत वाट झाडीत शिरते. ऐन, साग, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडे आणि त्यांच्या खाली करवंदीच्या जाळ्या आहेत. उतार वाढू लागतो तशी कारवी दाट होते. कारवीला सात-आठ वर्षांतून एकदाच फुले येतात आणि फुलोऱ्यानंतर झुडूप वाळते. वाळलेल्या काठ्यांचे कुड घरांच्या भिंतींसाठी डोंगराळ भागात पूर्वापार वापरात आहेत. परिसरात ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. जुन्नरच्या घाटमाथ्यावर हिरड्याची फळे गोळा करून विकणे हे अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे.

झाडी संपते तेथे डावीउजवीकडचे कडे जवळ येतात आणि डोक्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका दिसू लागतो. त्यास नानाचा अंगठा म्हणतात. कोकणातून येणाऱ्या वाटसरूला दिशेची दुसरी खूण लागत नाही. येथून माथ्यापर्यंतची चढण नाळेतून आहे. कड्यावरून निखळलेले धोंडे, त्यांचे तुकडे आणि तुकड्यांची खडी यांनी नाळेचा तळ भरलेला आहे. सुट्या खडीच्या अशा निसरड्या उताराला डोंगरभटक्यांच्या बोलीत घसारा म्हणतात.

नाणेघाटाच्या या टप्प्याचे वैशिष्ट्य असे की, येथील पुष्कळसे धोंडे मुद्दाम बसवलेले आहेत. लादलेला बैल चढू शकेल अशा बेताने ओबडधोबड पायऱ्या रचल्या आहेत आणि काही ठिकाणी कातळच खोदून पायरी केली आहे. वरून कोसळलेला दगडच पायाखाली बसवून बांधणाऱ्यांनी अडचणीलाच सामग्री केले. परंतु असे काम एकदा करून संपत नाही. दर पावसाळ्यात नाळेतून पाण्याचा लोंढा येतो, पायऱ्यांमधील माती धुपते आणि कड्यावरून नवे दगड पडतात. वापर आणि डागडुजी थांबली की थोड्याच वर्षांत रचलेली पायरी आणि पडलेला धोंडा यांत फरक करता येत नाही. सह्याद्रीतील कित्येक लहान घाटवाटा अशाच मोडल्या. त्यांची नावे गावातल्या वृद्धांच्या तोंडी राहिली, वाट मात्र कारवीत हरवली.

लेणे व शिलालेख

खिंडीच्या किंचित खाली, वाटेला लागूनच, कोकणाच्या बाजूला तोंड असलेले चौकोनी लेणे आहे. आत भिंतींना लागून दगडी बाक आहेत व जवळ पाण्याची खोदीव टाकी आहेत. बाक आणि टाकी पाहता, चढण संपवून आलेल्या प्रवाशाला विसावा मिळावा हा लेण्याचा एक हेतू असावा.

लेण्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख कोरलेला आहे. तो पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी संबंधित मानला जातो. लेखाचा काळ सामान्यतः इ.स.पू. पहिले शतक धरला जातो. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्या वेळी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांच्या दक्षिणा यांची गणती त्यात आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या. वर कोरलेल्या नावांवरून सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका इत्यादींची ओळख पटते. वंशाच्या संस्थापकाचे नाव कोरीव लेखात मिळाल्यामुळे पुराणांतील वंशावळी पडताळून पाहण्यास आधार मिळाला.

गणिताच्या इतिहासातही या लेखाला स्थान आहे. दक्षिणेचे आकडे येथे अंकचिन्हांनी लिहिले आहेत आणि त्यांतील काही चिन्हे पुढील काळातील भारतीय अंकांची पूर्वरूपे मानली जातात. मात्र येथे स्थानमूल्य नाही व शून्यही नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे असून ती एकत्र जोडून संख्या लिहिली आहे. विल्यम साइक्स याने १८२८ मध्ये हा लेख पाहिला. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकांचा अभ्यास केला आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर याने केलेले वाचन प्रसिद्ध झाले. लेखाचे काही भाग झिजून तुटक झाल्याने आजही काही शब्दांविषयी मतभेद आहेत.

एवढा मोठा राजकीय लेख राजधानीत न कोरता डोंगरातील खिंडीत कोरला, यातच या वाटेचे महत्त्व आहे. कल्याण आणि सोपारा ही बंदरे खाली, जुन्नर व प्रतिष्ठान म्हणजे पैठण वर. बंदरातून राजधानीकडे जाणारा माल आणि माणूस यांच्या डोळ्यांपुढे तो लेख येत असे. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक शैलगृहे कोरली गेली आणि तेथील दानलेखांत यवनांचीही नावे आढळतात. व्यापाराखेरीज हे घडले नसते.

माथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात आणि त्यावरून नाणेघाट हे नाव पडले, अशी परंपरागत समजूत आहे. नानाच्या अंगठ्यावरून नानाघाट असेही म्हटले जाते. रांजणाबद्दलच्या समजुतीला लेखी पुरावा नाही. तरीही दर पावसाळ्यात मोडणारी वाट चालू ठेवायची तर खर्चाची सोय कोणीतरी केली असलीच पाहिजे.

ऱ्हास

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. बोरघाटातून १८६३ मध्ये व थळघाटातून १८६५ मध्ये रेल्वे वर आली. त्यानंतर बैलांच्या पाठीवरून होणारी वाहतूक ओसरत गेली. नाणेघाट पूर्णपणे मोडला नाही, याचे श्रेय प्रथम घाटघर आणि कोकणातील गावे यांच्यातील पायी येण्याजाण्याला आणि अलीकडे पदभ्रमण करणाऱ्यांना द्यावे लागते. पण या दुसऱ्या वर्गाचा उपद्रवही आहे. लेण्यात मुक्काम करून चूल पेटवली की धुराची काजळी भिंतींवर बसते, आणि दोन हजार वर्षे टिकलेल्या अक्षरांशेजारी स्वतःचे नाव खरवडणारेही निघतात.

पदभ्रमण

वैशाखऱ्याकडून माथा गाठण्यास सामान्य चालीने सुमारे तीन तास लागतात. उतरण्यास वेळ किंचित कमी लागतो, पण घसाऱ्यावर अपघाताचा संभव उतरतानाच अधिक असतो. उतार पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी डोंगराची सावली वाटेवर असते आणि दुपारनंतर कातळ तापतो. हिवाळ्यातही म्हणूनच पहाटे निघणे हिताचे ठरते. फाल्गुनानंतर ओढे आटतात आणि लेण्याजवळील टाक्यांपर्यंत पाण्याची खात्री नसते. एप्रिल-मे महिन्यांत ही चढण टाळावी.

पावसाळ्यात खिंडीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून पडणारे पाणी उलट वर उडते. हे दृश्य पाहण्यासाठी जुन्नरहून घाटघरपर्यंत वाहनाने येणाऱ्यांची मोठी गर्दी होते. त्याच दिवसांत नाळेतील पायऱ्यांवर शेवाळ असते आणि ओढ्यांना अचानक पूर येतो. त्यामुळे कोकणाच्या बाजूने चढणाऱ्याने पावसाचा जोर पाहून निर्णय घ्यावा.

घसाऱ्यावर चालताना एकमेकांच्या अगदी खाली राहू नये. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागतो. दगड सुटल्यास मोठ्याने ओरडून सूचना द्यावी. पाऊल टाकण्यापूर्वी दगड हलतो का हे पाहावे व उतरताना पाय आडवा ठेवावा. माथ्यावरून दक्षिणेला जीवधन किल्ला व त्याचा वानरलिंगी सुळका दिसतो. तेथपर्यंत जाऊन त्याच दिवशी वैशाखऱ्यास परतायचे असल्यास लेण्यापाशी विसावा थोडाच मिळतो आणि नाळेतील उतरण अंधारापूर्वी संपवावी लागते.