आधीं भरतीची वाट, मग रोप

कोंकणच्या खाड्यांतील तिवर, चिपी, कांदळ हीं झाडें आपण सरपणासाठीं तोडलीं आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या जागीं भराव घातला. इकडे १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर चढली. आतां त्या झाडांची उणीव खाडीकांठच्या गांवांस जाणवते. त्यांच्या मुळांचें जाळें लाटेचा जोर मोडतें व गाळ धरतें. पुरेसा गाळ मिळाल्यास तेथील भूमि हळूहळू उंच होते. दगडी बांधास हें साधत नाहीं. शिवाय कोळंबी-खेकड्यांचीं पिलें तेथेंच पोसलीं जातात.

महाराष्ट्र शासनानें २०१२ सालीं कांदळवन कक्ष स्थापन केला. परंतु केवळ रोपें लावून वन उभें राहत नाहीं. तिवराचीं श्वासमुळें ओहोटीच्या वेळीं हवा घेतात. पाणी तुंबून राहिलें तर झाड गुदमरतें. म्हणून प्रथम बुजलेले ओहळ मोकळे करावे. कांदळाचें बीज झाडावरच अंकुरतें, पाण्याबरोबर वाहत जातें आणि चिखलांत रुजतें. जवळ जुनीं झाडें उरलीं असतील, तर ही पेरणी समुद्रच करतो. तेव्हां रोपांची संख्या मोजण्यापूर्वीं भरतीचें पाणी कोठें अडतें, हें गांवानें आधीं पाहावें.