थारच्या पोटाखालचा वाकडा दांडा

तुंगारेश्वर फाट्याजवळ, राष्ट्रीय महामार्ग 48 वर थार ऐंशीच्या वेगात आहे आणि पुढच्या कंटेनरने न सांगता लेन बदलली. स्टिअरिंग झटक्यात फिरतं, उंच गाडी एका अंगाला कलते आणि सावरते. या सावरण्यात मोठा वाटा असतो गाडीखालच्या यू आकाराच्या पोलादी दांड्याचा, म्हणजे स्टॅबिलायझर किंवा स्वे बारचा.

दांड्याचा मधला भाग रबरी बुशांत धरलेला असतो; दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली, तर तो बुशांत नुसता फिरतो. वळणावर मात्र बाहेरची बाजू दबते, आतली उचलते, दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळच गाडीचा कल रोखतो. हा विरोध जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. भरीव दांडा 20 ऐवजी 24 मिलिमीटरचा घेतला, की बाकी सगळं तेच ठेवूनही ताठरपणा दुपटीवर जातो. ‘जाडा बार टाकून घ्या’ हा सल्ला म्हणूनच वाटतो तितका साधा नाही.

डोंगरातल्या कच्च्या वाटेवर हाच दांडा आडवा येतो. एक चाक दगडावर चढलं की तो पलीकडच्या चाकालाही वर ओढतो. ते अधांतरी झालं, की साध्या डिफरन्शिअलमध्ये तेच गरगर फिरत बसतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून ऑफ-रोडवाले लिंक सोडतात. रांजणगावला जुळणी होणाऱ्या जीप रँगलर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सुटतो. वेग ताशी साधारण 29 किलोमीटरच्या वर गेला, की आपोआप पुन्हा जोडला जातो. सुट्या बारची लायकी किती वेगापर्यंत, हे कंपनीनेच सांगून टाकलंय. थारला ही सोय नाही. शिवाय तिची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्याने बार सोडूनही ती अखंड ॲक्सलइतकी लोंबत नाहीत.

वसई-विरारच्या थार बहुतेक दिवस महामार्गावरच पळतात. तुंगारेश्वरला गेलं तरी ते अभयारण्य आहे, रस्ता सोडून गाडी घालायची जागा नव्हे. अशा गाडीचा बार कायमचा काढून ठेवणं मला तरी निव्वळ हौस वाटते.

त्यापेक्षा पावसाळ्यानंतर लिंक तपासावी. कमी वेगात एकाच चाकाखाली खड्डा आला की ‘खट्’ वाजतं, ते बऱ्याचदा तिच्या झिजलेल्या बॉल जॉइंटमुळे. तपासताना एकच चाक जॅकवर उचलू नये. दांड्याला पीळ बसतो, जॉइंट ताणला जातो आणि ढिलाई लपते. दोन्ही चाकं एका पातळीत ठेवून लिंक हाताने हलवावी.