लिव्हरचा ‘अर्धा’ भाग म्हणजे नेमका कोणता?

ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्रीन कॉरिडॉर (वाहतूक थांबवून मोकळा केलेला मार्ग) करून इंदूरहून एक यकृत गुरुग्रामला गेले, आणि माळव्यात अवयवदानाची चर्चा वाढली. तासाभरावरच्या उज्जैनमध्येही. चर्चेबरोबर एक समजूतही पसरली: लिव्हरचे दोन भाग असतात, डॉक्टर जिवंत दात्याचा एक काढून घेतात आणि तो पुन्हा उगवतो. शिकलेली माणसेही हे इतक्या ठामपणे सांगतात की कपाळाला हात लावावा.

दोन भाग दिसतात, हे खरे. यकृताच्या पुढच्या अंगाला पडद्यासारखा एक बंध असतो; त्याच्या उजवीकडे मोठा भाग, डावीकडे छोटा. पण तो बंध वरवरचा आहे. आतली वाटणी रक्तवाहिन्या ठरवतात. स्कॉटिश शल्यविशारद जेम्स कँटली यांनी १८९७ साली मांडले की उजव्या-डाव्याची खरी सीमा पित्ताशयापासून मागच्या महाशिरेपर्यंत जाते. पुढे १९५० च्या दशकात फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी यकृताचे आठ खंड पाडले. प्रत्येकाला स्वतंत्र धमनी, पोर्टल व्हेनची (आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या शिरेची) फांदी आणि पित्तनलिका.

म्हणूनच चौथा खंड बंधाच्या उजवीकडे असूनही सर्जनच्या हिशेबात डावा. लहान मुलासाठी सहसा दुसरा आणि तिसरा खंड पुरतो. प्रौढासाठी बहुधा पाचवा ते आठवा घेतात, म्हणजे यकृताचा साधारण ६० टक्के भाग. ‘अर्धा’ कुठे आला यात?

आणि उगवण्याचे म्हणाल, तर यकृत म्हणजे पालीची शेपटी नव्हे. काढलेला भाग परत येत नाही. उरलेल्या भागातल्या पेशी वाढतात, तोच मोठा होतो आणि काही महिन्यांत आकारमान बरेचसे भरून निघते. जुनी ठेवण मात्र कायमची बदलते.

आणखी काही समजुती. ‘लिव्हर फक्त उजवीकडे असते’: नाही, त्याचे टोक डाव्या बरगड्यांखाली पोहोचते. ‘आठ खंड बाहेरून दिसतात’: अजिबात नाही; त्यासाठी सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्या पाहाव्या लागतात. ‘दात्याला धोका नसतो’: ही मोठी शस्त्रक्रिया आहे, क्वचित दाता दगावतोही.

घरात कुणी दान करायचा विचार करत असेल, तर कोणते खंड काढणार आणि मागे किती टक्के उरणार, हे सर्जनला विचारा. उरणारे यकृत साधारण ३० टक्क्यांहून कमी असेल, तर तो दाता सहसा नाकारला जातो.