चंद्रताल : चाल एका दिवसाची, तयारी आठवड्याची

गेल्या काही वर्षांत आपल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांचा सुट्टीतील ओढा हिमालयाकडे वाढला आहे. मनालीला जाऊन आलेली मुले शाळेत फोटो दाखवतात आणि मग पालकसभेत हमखास प्रश्न येतो, "मुलांना चंद्रतालला नेता येईल का?" या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. मात्र त्याला काही अटी आहेत आणि त्या का आहेत, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी दोघांनीही समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

सरोवर कोठे आहे?

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर चंद्रताल आहे. आकार चंद्रकोरीसारखा, म्हणून हे नाव. भोवताली झाड नाही. उन्हाळ्यात गवत व रानफुले आणि त्यांच्यामागे उघडे, तपकिरी डोंगर. सरोवरात येणारा मोठा ओढा दिसत नाही, बाहेर पडणारा मात्र स्पष्ट दिसतो. तो पुढे चंद्रा नदीला मिळतो. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या परिसरात उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी वाहतात आणि तांडी येथे एकत्र येतात. त्यांच्या जोडनदीचे नाव चंद्रभागा, म्हणजेच पुढची चिनाब. पंढरपूरला भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिलाही आपण चंद्रभागा म्हणतो. दोन नद्यांमध्ये शेकडो कोसांचे अंतर, पण नाव एकच!

पायवाट

गाडीरस्ता आता सरोवरापासून थोड्याच अंतरावर संपतो. पण दिवसभराच्या चालीचा खरा आनंद कुंझुम खिंडीतून मिळतो. खिंड सुमारे ४,५५० मीटर उंचीवर आहे. तेथे कुंझुम मातेचे देऊळ व बौद्ध स्तूप आहेत. येणारी-जाणारी वाहने देवळाला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. तेथून डोंगराच्या अंगाने आठ ते दहा किलोमीटरची वाट सरोवराकडे उतरत जाते. खाली चंद्रेचे खोरे, समोर बर्फाची शिखरे आणि कानावर फक्त वारा. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. चढ फारसा नाही, त्यामुळे वाट सोपी वाटते. मोठी माणसे फसतात ती इथेच.

उंचीवर नेमके काय होते?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, सुमारे २१ टक्के असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. चंद्रतालला तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. आपले इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे. येथे दहा श्वासांत जेवढा प्राणवायू मिळतो, तेवढा मिळवायला तेथे साधारण सोळा श्वास घ्यावे लागतील. दाब कमी म्हणून पाणीही सुमारे ८६ अंशांनाच उकळते आणि कुकरशिवाय वरणाची डाळ लवकर शिजत नाही.

शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. तेवढा वेळ न दिल्यास डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, चक्कर, झोप न येणे ही लक्षणे दिसतात. यालाच पर्वतीय आजार म्हणतात. पुढे तो मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आणू शकतो आणि मग जिवावर बेतते. व्यायामाची सवय यापासून वाचवत नाही. शाळेच्या मैदानावर धावण्यात पहिला येणारा मुलगाही आजारी पडू शकतो. उलट तो जोरात चालतो म्हणून त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

बोगद्याने रस्ता जवळ केला

ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. आता तेथून सकाळी निघून त्याच दिवशी चंद्रताल गाठता येतो. म्हणजे एका दिवसात २,००० मीटरहून अधिक चढ! तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. रस्ता जवळ आला, शरीर मात्र पूर्वीचेच आहे.

म्हणून आम्ही स्पितीच्या बाजूचा लांबचा मार्ग सुचवतो. शिमला, मग किन्नौरमधील कल्पा, पुढे ताबो, काझा येथे दोन रात्री आणि सुमारे ४,१०० मीटरवरील लोसर गावी एक रात्र. ताबोला इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला बौद्ध मठ आहे, तोही मुलांना पाहायला मिळतो. लोसरहून पहाटे निघून कुंझुमपासून चालावे, सरोवर पाहावे आणि मुक्कामाला खाली यावे. दिवसा उंच जावे, रात्री खाली झोपावे, हा गिर्यारोहकांचा जुना नियम आहे.

पालकांनी लक्षात ठेवावे

१. मे महिन्याच्या सुट्टीत हा बेत आखू नये. खिंड बर्फाने बंद असते. साधारण जूनअखेर ते सप्टेंबर हाच काळ. दिवाळीपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

२. हवामानाचा भरवसा धरू नये. जुलै २०२३ मध्ये बर्फवृष्टीमुळे चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते व त्यांना काही दिवसांनी बाहेर काढावे लागले. हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवावेत.

३. ओढे सकाळीच ओलांडावेत. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढते.

४. लक्षणे दिसताच वर जाणे थांबवावे, वाढल्यास रात्र असली तरी खाली न्यावे. बोलण्यात गोंधळ होणे, सरळ रेषेत चालता न येणे, बसल्या जागी धाप लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत.

५. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. झोपेची गोळी देऊ नये. लहान मुलांना त्रास नीट सांगता येत नाही, म्हणून फार लहानांना नेऊ नये.

शाळेची सहल न्यायची झाल्यास विश्वस्त मंडळाला आमची एकच विनंती आहे. परत फिरण्याचा निर्णय एका शिक्षकाकडे सोपवावा आणि खर्चाचा विचार न करता तो मान्य व्हावा. जास्तीची एक गाडी सोबत असावी.

सरोवराचेही आपण देणे लागतो

नोव्हेंबर २००५ मध्ये चंद्रतालला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र अवघे ४९ हेक्टर. उन्हाळ्यात तेथे चक्रवाक दिसतो. मध्य भारतातल्या तलावांवर हिवाळ्यात येणारे नारिंगी रंगाचे ब्राह्मणी बदक ते हेच. आपला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर यांनाही २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. थंडीमुळे चंद्रतालच्या काठी कचरा लवकर कुजत नाही. बिस्किटाचा कागद असो की पाण्याची बाटली, नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. पाण्यात उतरू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, या रविवारी सिरपूरच्या काठाने एक फेरी मारा. न बोलता अर्धा तास चालायचे, काहीही टाकायचे नाही आणि दमलेल्या सोबत्यासाठी थांबायचे. हे जमले की चंद्रतालची निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी म्हणजे वाटेतले मुक्काम, आणि त्यांसाठी पुरेसे दिवस काढणे पालकांच्या हाती आहे.